ऑल सेंट्स, मार्गारेट स्ट्रीट: शंभर फुटांत मावलेला बटरफील्ड

विल्यम बटरफील्ड (१८१४–१९००) या वास्तुकाराचं चरित्र शोधायला गेलं तर फारसं काही हाती लागत नाही. लग्न नाही, गाजलेली भांडणं थोडीच, आणि १८८४ साली ब्रिटिश वास्तुकारांच्या संस्थेनं सुवर्णपदक दिलं तर ते घ्यायलाही हा गृहस्थ समारंभाला गेला नाही. त्यामुळे माणूस पाहायचा तर इमारतीतच. त्यासाठी लंडनचं हे चर्च उत्तम. ऑक्सफर्ड सर्कस स्टेशनपासून चालत पाच-सात मिनिटं, प्रवेशशुल्क नाही.

जागा जेमतेम शंभर फूट बाय शंभर फूट. तेवढ्यात चर्च, धर्मगुरूंचं घर, गायक मुलांची शाळा (ती १९६८ मध्ये बंद झाली) आणि मधे चिमुकलं अंगण. ही मांडणी बाहेरच नीट पाहून घ्या, कारण आतल्या सगळ्या अडचणी तिच्यातूनच आल्या आहेत. शिखर २२७ फूट उंच आहे, पण अंगणात उभं राहून ते पुरतं दिसत नाही, नुसती मान अवघडते. मार्गारेट स्ट्रीटवरून थोडं लांब जाऊन पाहावं.

भिंती लाल विटांच्या, त्यांत काळ्या विटांचे पट्टे आणि नक्षी. हा रंग वर फासलेला नाही, विटेतच आहे. कोळशाच्या धुरानं काळवंडणाऱ्या लंडनमध्ये लेपाचा रंग टिकणार नाही, हा हिशोब त्यामागे असावा. वीट म्हणजे काटकसर असं मात्र समजू नका. इथली वीट दगडापेक्षा महाग पडली होती. १८५० साली पायाभरणी झाली आणि १८५९ मध्ये चर्च खुलं झालं.

आत शिरल्यावर पहिली तक्रार अंधाराची. पूर्वेला शेजारची घरं टेकलेली, म्हणून वेदीमागे खिडकीच नाही. तिथे संपूर्ण भिंतभर चित्रं आहेत. मूळ चित्रं विल्यम डाइसनं ओल्या चुन्यावर काढली होती. लंडनची दमट हवा आणि गॅसच्या दिव्यांपुढे ती टिकली नाहीत, डागडुजीही फुकट गेली. आज दिसतात ती निनियन कॉम्पर यांनी १९०९ मध्ये नव्यानं रंगवलेली, तीही भिंतीवर नव्हे, फळ्यांवर. उत्तरेची भिंतही बंदच, पण तिथे बटरफील्डनं रंगीत टाइल्सची चित्रं बसवून घेतली. ती मात्र टिकली. एकाच इमारतीत दोन तंत्रांचा असा उघड निकाल क्वचितच पाहायला मिळतो.

उजेडासाठी दुपार टळल्यावर जावं. तेव्हा पश्चिमेच्या मोठ्या खिडकीतून ऊन आत येतं. या खिडकीची पहिली काच बटरफील्डला आवडली नव्हती. १८७७ मध्ये ती बदलून अलेक्झांडर गिब्जची बसवली. दक्षिणेच्या बाकावर बसून उत्तरेची भिंत पाहा, मग घोटीव ग्रॅनाइटचे खांब, मग संगमरवरी जडाव असलेला प्रवचनाचा चौथरा. छोटी दुर्बीण असेल तर न्यावी. इतका रंग एकदम अंगावर येतो की काहींना तो भडक वाटेल. तो भडक आहेच, आणि मुद्दाम आहे. मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामुदायिक उपासना, चालू असताना मात्र फिरू नये. हे चालतं चर्च आहे, संग्रहालय नव्हे.

मुंबईकरांना यातलं काही ओळखीचं वाटलं तर नवल नाही. कुलाब्याच्या अफगाण चर्चची इमारत हेन्री कोनीबेअरची असली तरी आतल्या सजावटीत बटरफील्डचा हात आहे.

इथून पुढे हॉबर्नच्या सेंट ऑल्बन चर्चला बटरफील्डसाठी म्हणून जाणार असाल तर थांबा. १९४१ च्या बॉम्बहल्ल्यात ते जळून गेलं, आतला बहुतेक भाग नंतर पुन्हा बांधलेला आहे. त्यापेक्षा ऑक्सफर्डची गाडी पकडून कीबल कॉलेजचं चॅपेल पाहा. तिथे त्याला हवी तेवढी जागा मिळाली होती. कॉलेज पाहुण्यांसाठी कधी उघडं असतं ते आधी विचारून घ्या.