गोतिएचे रंग की वांडेलारची रेघ?

१७४६ साली पॅरिसमध्ये शरीररचनेची रंगीत चित्रे छापणाऱ्या गोतिए दागोतीने एक पाठमोरी स्त्री छापली: मान वळवलेली, केस नीट बांधलेले आणि पाठीचे स्नायू सोलून दोन्ही बाजूंना पंखांसारखे पसरलेले. निळा, पिवळा, लाल, काळा अशा तांब्याच्या पत्र्यांचे ठसे एकावर एक घेऊन आलेला तो मांसल, ओलसर रंग आजही अंगावर काटा आणतो. पण कडा धूसर आहेत. शल्यविद्येच्या विद्यार्थ्याला त्या पुरत नाहीत.

नेदरलंड्समधल्या लायडनला १७४७ मध्ये शरीररचनाशास्त्रज्ञ आल्बिनसच्या देखरेखीखाली चित्रकार वांडेलारची चित्रे आली. रंग नाही. सांगाड्यापुढे दोऱ्यांची जाळी टांगून प्रमाणात उतरवलेली नेमकी रेघ, आणि दोन चित्रांत मागे चक्क गेंडा! अभ्यासाला मी बेधडक हीच निवडेन. भिंतीवर मात्र गोतिएच लावेन.