मठ फुकट, ‘परवाना’ साडेसहा हजारांचा : ग्रीसला जाणाऱ्यांनी वाचाच

ग्रीसमध्ये सारोनिक आखातात इद्रा नावाचं बेट आहे. आपल्याकडच्या नकाशांवर ते हायड्रा म्हणून सापडेल. बेटाच्या डोंगरावर, समुद्रापासून साधारण पाचशे मीटर उंचीवर, प्रोफितिस इलियासचा मठ आहे. तिथे जायला कुठलाही परवाना लागत नाही. तिकीट नाही, आगाऊ नोंदणी नाही, ठरवून दिलेली वेळ नाही. बंदरावरून वर जाणारी वाट सगळ्यांसाठी खुली आहे.

हे आधीच स्पष्ट लिहितेय, कारण याच मठाच्या ‘प्रवेश परवान्या’पोटी आमच्याकडून माणशी ६,५०० रुपये उकळले गेले. आम्ही चौघं होतो : आई, बाबा, दादा आणि मी. परवान्यांचे २६,००० आणि वर खेचरं व गाईड म्हणून १८,०००, असे ४४,००० रुपये सहल ठरवून देणाऱ्या एका माणसाने घेतले. पैशांचं दुःख आहेच. पण त्या बनावट कागदावर छापलेल्या वेळेमुळे बाबांच्या जिवावर बेतलं असतं, आणि त्यासाठी मी हे सगळं सविस्तर लिहायला बसले आहे.

त्या माणसाचा नंबर युरोप फिरणाऱ्या मराठी लोकांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून मिळाला. ग्रुपमधल्या एका काकूंनी स्वतःहून दिला होता, त्यांचा अनुभव चांगला होता म्हणून. फोनवर बोलायला अगदी मोकळा. “ताई, तुम्ही काहीच काळजी करू नका, आई-बाबांना आपल्याच घरच्यांसारखं सांभाळतो.” बाबा दर रविवारी सिंहगड चढतात हे कळल्यावर त्यानेच इद्राचा मठ सुचवला. अथेन्सजवळच्या पिरेअस बंदराहून इद्राला जाणाऱ्या जलद बोटीची तिकिटं त्याने काढून दिली, ती खरी निघाली. बेटावरच्या पेन्शनमधल्या, म्हणजे छोट्या घरगुती लॉजमधल्या, खोल्याही खऱ्या होत्या. या दोन्हींवर त्याने एक रुपयाही जास्त लावला नाही. मी तिकिटांचे दर बोटकंपनीच्या साइटवर ताडून पाहिले होते, तंतोतंत जुळले. फसवणुकीची खरी युक्ती हीच आहे, हे नीट लक्षात घ्या. जे तपासता येतं ते सगळं चोख द्यायचं, आणि जे इथे बसून कुणी तपासू शकत नाही तिथे हात मारायचा.

परवान्याची गोष्ट त्याने रचली तीही एका खऱ्या गोष्टीच्या आधाराने. उत्तर ग्रीसमध्ये आथोस पर्वत म्हणून मठांचा एक स्वायत्त प्रदेश आहे. तिथे जायला खरोखरच परवाना लागतो, त्याला दियामोनितिरियो म्हणतात. थेस्सालोनिकीतल्या यात्रेकरू कार्यालयाकडे आधी नोंदणी करावी लागते. दिवसाला ऑर्थोडॉक्स पंथाच्या १०० आणि इतर १० यात्रेकरूंनाच प्रवेश मिळतो, आणि मग उरानूपोलीहून बोटीने जायचं असतं. हे सगळं खरं आहे, कुठेही शोधलंत तरी सापडेल. इद्राचा मठ १८१३ मध्ये आथोसहून आलेल्या भिक्षूंनी वसवला, हेही खरं. या दोन खऱ्या गोष्टींच्या मध्ये त्याने आपलं खोटं घुसवलं : “ताई, हा मठ आथोसच्या शाखेचा आहे, त्यामुळे तोच नियम इथेही लागतो. रोज परदेशी लोकांचा कोटा दहाच. जूनचा कोटा संपत आलाय.” वर आणखी एक दट्ट्या, की हा परवाना व्हिसाच्या फाइलला जोडला नाही तर अर्ज अडकू शकतो. व्हिसाचं नाव काढलं की माणूस वाद घालत नाही, हे या लोकांना पुरेपूर ठाऊक असतं. ग्रीसला जायला लागणाऱ्या शेंगेन व्हिसाला विमा, तिकिटं, राहण्याची सोय, बँकेचे कागद लागतात. मठाच्या परवान्याचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही.

पैसे यूपीआयने एका वैयक्तिक खात्यावर मागितले. खात्यावरचं नाव वेगळंच होतं, विचारल्यावर ‘अकाउंटवाल्या मॅडम’ असं उत्तर आलं. पॅन नंबर मागितला नाही, पावती नाही, जीएसटीचं बिल नाही. परदेशी टूरचं पॅकेज विकणाऱ्याला ग्राहकाकडून टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच वसूल होणारा कर, घेऊन तो ग्राहकाच्या पॅनवर भरावा लागतो आणि तो आयकर खात्याकडच्या आपल्या वार्षिक नोंदीत दिसतो. कुणी परदेश सहलीचे एकगठ्ठा पैसे घेतोय आणि पॅनबद्दल चकार शब्द काढत नाही, तर तिथेच थांबा.

आठवड्याभरात पीडीएफ आली. वर ग्रीक अक्षरं, मध्ये शिक्का, खाली चार सह्या, कोपऱ्यात क्यूआर कोड आणि आम्हा चौघांची नावं इंग्रजीत. प्रवेशाची वेळ : दुपारी १२.३० ते १.३०. खाली लाल अक्षरांत, की वेळ चुकल्यास परवाना रद्द समजला जाईल.

इद्रावर मोटारी नाहीत. कचऱ्याची गाडी, अग्निशमन असली मोजकी वाहनं सोडली तर बाकी सगळं खेचरांच्या आणि गाढवांच्या पाठीवर. सिमेंटची पोतीसुद्धा, प्रवाशांच्या बॅगासुद्धा. बंदरावर उतरलं की समोरच खेचरं रांगेत उभी असतात. आम्ही सांगितल्याप्रमाणे अकराला तिथे पोचलो. गाईड नव्हता. फोन लावला तर “दहा मिनिटांत येतोय ताई”, मग “तुम्ही निघा, तो वाटेत भेटेल”, आणि मग फोन बंद. त्या माणसाने दिलेलं खेचरांचं व्हाउचर खेचरवाल्यांना दाखवलं. एकाने ते हातात घेऊन निरखून पाहिलं, शेजारच्याला दाखवलं, आणि मान हलवून परत दिलं. त्यांच्याकडे असलं कुठलं बुकिंग नसतंच. जो येईल त्याच्याशी तिथेच भाव ठरवून ते नेतात. त्या वेळी मोकळं खेचरही उरलं नव्हतं. कागदावरची १२.३० ची वेळ डोळ्यांपुढे नाचत होती, म्हणून आम्ही चालायला लागलो.

वाट चुकायचा प्रश्न नाही. मियाउली रस्त्याने गाव ओलांडायचं, मग दगडी फरसबंदीची चढण, त्यानंतर पाइनची झाडं, आणि शेवटी रुंद पायऱ्या. सिंहगड चढणाऱ्याला ही चढण सकाळी सहाला काहीच वाटणार नाही. भर दुपारी गोष्ट वेगळी. पाइनची सावली संपल्यावर पांढरट दगडावरून ऊन उलटं तोंडावर येतं. वारा नव्हता. पायऱ्यांच्या एका वळणावर बाबा थांबले, कठड्याला हात टेकला आणि म्हणाले, “जरा अंधारी आल्यासारखं होतंय.” चेहरा लाल, आणि घाम मात्र आटलेला. मी त्यांचा तळवा हातात घेतला तर तो कोरडा, तापलेल्या तव्यासारखा. “बाबा, खाली बसा आधी,” दादा म्हणाला. आईने पदर ओला करून त्यांच्या मानेला लावला. पाण्याची शेवटची बाटली अर्धी उरली होती. तरीही बाबांच्या तोंडी एकच, “अगं, आपली वेळ जाईल, परवाना फुकट जाईल.”

घाम आटणं हे उष्माघाताचं लक्षण असतं, हे ट्रेक करणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावं. जून २०२४ मध्ये सिमी बेटावर ब्रिटिश टीव्हीवरचे नावाजलेले डॉक्टर मायकल मोस्ली उन्हात एकटेच पायी निघाले आणि चार दिवसांनी त्यांचा मृतदेह सापडला. त्याच महिन्यात ग्रीसच्या इतर बेटांवरही उन्हात चालायला गेलेले पर्यटक दगावले. ग्रीक उन्हाळ्यात दुपारच्या वेळी तिथले लोक स्वतः चढत नाहीत. दुपारी मठाची दारंही बहुतेक ठिकाणी मिटलेली असतात. म्हणजे आमच्या कागदावर जी वेळ छापली होती त्या वेळी वर पोचून उपयोगही नव्हता. त्या माणसाने ती वेळ सहज टंकली असणार. तिचा परिणाम काय होईल याचा विचारही त्याच्या मनाला शिवला नसेल, आणि याचाच मला सर्वात जास्त संताप येतो.

वरून माल पोचवून उतरणारा एक म्हातारा खेचरवाला भेटला म्हणून निभावलं. त्याने बाबांकडे एकदा पाहिलं, आम्हाला काही विचारलं नाही, खोगिरावरची दोरी सोडली, दादाच्या मदतीने त्यांना वर बसवलं आणि सावलीच्या टप्प्यापर्यंत सावकाश खाली आणलं. तिथे त्याच्याकडच्या पाण्याने बाबांचं डोकं भिजवलं. गावात पोचल्यावर पैसे घ्यायला तयारच नव्हता. आईने हात जोडले तेव्हा कुठे थोडे घेतले. डॉक्टरांनी तपासून बाबांना संध्याकाळपर्यंत झोपून राहायला सांगितलं. तुमच्यावर अशी वेळ आली तर ११२ लावा, तो क्रमांक सबंध ग्रीसमध्ये चालतो.

संध्याकाळी पेन्शनच्या मालकीणबाईंना मी ती पीडीएफ दाखवली. चष्मा लावून त्यांनी वरपासून वाचली. मग आईच्या नावावर बोट ठेवून म्हणाल्या, हा आथोसच्या परवान्याचा नमुना आहे, आणि आथोसवर बायकांना पाऊलसुद्धा टाकू देत नाहीत. शेकडो वर्षांचा नियम आहे. आई आणि मी, दोघींच्या नावाचा असा कागद जगात कुणी देऊच शकत नाही. चार सह्या होत्या त्या आथोसच्या कारभारी भिक्षूंच्या खऱ्या परवान्यावरून उचललेल्या. क्यूआर कोड स्कॅन केला तर एका रिकाम्या पानावर जात होता.

बाबा सावरल्यावर आम्ही पहाट फुटताना पुन्हा निघालो, या वेळी खेचर करून. बाबा बसून, आम्ही चालत. मठाच्या दारात कुणी कागद मागितला नाही. आईची साडी पाहून एका भिक्षूने हसून आत बोलावलं. गुडघे-खांदे झाकलेले असावेत एवढीच तिथली अट. गार पाणी आणि लुकुमी, म्हणजे पिठीसाखरेत घोळवलेली मऊ वडी, समोर ठेवली. मेणबत्त्यांपाशी पेटी होती, त्यात हवं ते टाकायचं. ग्रीक स्वातंत्र्ययुद्धातला सेनापती कोलोकोत्रोनिस याला १८२५ मध्ये त्याच्याच लोकांनी याच मठात कैदेत ठेवलं होतं, हे बाबांना तिथे कळलं आणि ते बराच वेळ अंगणात उभे राहून खालच्या समुद्राकडे बघत होते.

आता तक्रारीचं. त्या माणसाला मी मेसेज केला तर आधी “सिस्टिमचा प्रॉब्लेम झालाय, ४५ दिवसांत रिफंड” असं उत्तर आलं, नंतर त्याने ब्लॉक केलं. परत आल्यावर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली, पोचक्रमांक घेतला आणि बँकेलाही लेखी कळवलं. १९३० वर जितक्या लवकर कळवाल तितका पैसा पुढच्या खात्यात पळायच्या आत गोठवता येतो. आमचे पैसे तीन महिन्यांपूर्वीच गेले होते, खातं रिकामं झालं होतं. पोलिसांनी सांगितलं की त्याच खात्याविरुद्ध आणखी तक्रारी आल्या तर तपासाला जोर येतो. म्हणून ग्रुपमध्ये उघडपणे लिहिलं. लगेच दोघांचे मेसेज आले. एका जोडप्याला त्याने सांतोरिनीवरच्या प्रोफितिस इलियास मठाचा ‘परवाना’ विकला होता, दुसऱ्यांना मेतेओराच्या, म्हणजे ग्रीसमधल्या उंच कड्यांवरच्या, मठांचा. मेतेओरात प्रत्येक मठाच्या दारातच काही युरोंचं तिकीट मिळतं, आगाऊ काहीच लागत नाही. नंबर देणाऱ्या काकूंच्या वाट्याला फक्त बोटीची खरी तिकिटं आली होती, त्यामुळे त्यांना बिचाऱ्यांना काही कळायचा प्रश्नच नव्हता. त्यांना कुणी बोल लावू नये.

ग्रीक बेटांवर कुणी मठाचा परवाना विकत असेल तर जिथे राहणार आहात त्या लॉजला एक ईमेल करून विचारा. आमच्या मालकीणबाईंनी सांगितलं की असा प्रश्न कुणी विचारला असता तर त्यांनी त्याच दिवशी उत्तर दिलं असतं. त्या माणसाचा जुना नंबर आता बंद आहे. पण गेल्या आठवड्यात एका मैत्रिणीला नव्या नंबरावरून मेसेज आला : “ताई, आई-बाबांना घेऊन ग्रीस? परदेशी लोकांचा कोटा दहाच असतो.” तिने पैसे दिलेले नाहीत. तुम्हाला असा मेसेज आला आणि पैसे गेले असतील, तर आजच १९३० लावा आणि त्या खात्याचा तपशील तक्रारीत लिहा.