एअरफिक्सचा 1/72 टायगर मॉथ: आधी रंग, मग वरचा पंख

डी हॅविलंड टायगर मॉथ 1931 साली पहिल्यांदा उडालं आणि दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाचे हजारो वैमानिक याच विमानावर शिकून तयार झाले. एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीचं नव्या साच्यातलं 1/72 (मूळच्या बहात्तराव्या भागाएवढं) प्लास्टिकचं जोडायचं किट त्याची मोहक प्रतिकृती आहे. पूर्ण झाल्यावर पंखांची रुंदी जेमतेम 124 मिमी, लांबी 101 मिमी. पुढच्या सीटवरच्या प्रशिक्षकाला पॅराशूटसकट बाहेर पडता यावं म्हणून मूळ विमानात वरचा पंख पुढे सरकवला होता, आणि तोल राखायला पंख मागे झुकवले होते. ही ठेवण प्रतिकृतीत नीट उतरली, तरच ती टायगर मॉथ वाटते.

कॉकपिटमध्ये वेळ घालवण्यासारखं आहे, कारण दोन्ही उघडी आहेत. सीटचे पट्टे मास्किंग टेपच्या 0.7 मिमी रुंद फितींतून कापावेत. किटचे भाग ज्या फ्रेमला जोडलेले येतात, तिच्यातून दोन पंखांमधल्या बारीक दांड्या मात्र चिमट्याने पिळून सोडवू नयेत. प्लास्टिक मऊ आहे, दांडी वाकते आणि सरळ केली तरी मधे पांढरी पडते. धारदार पात्याने, फ्रेमच्या बाजूने दोनदा थोडं थोडं कापावं.

खरी परीक्षा प्रशिक्षण विमानाच्या खालच्या बाजूच्या पिवळ्या रंगाची. पिवळं रंगद्रव्य फार झाकत नाही. करड्या प्राइमरवर (रंगाखालच्या अस्तरावर) मारलं की मळकट, हिरवट दिसतं. म्हणून खाली पांढरा प्राइमर, त्यावर फिकट गुलाबीचा एक हलका हात, मग पिवळ्याचे तीन-चार पातळ थर, प्रत्येकात दहा मिनिटांचं अंतर. एकाच जाड थरात उरकायला गेलं की कापडी पंखांवरच्या फासळ्यांच्या रेषा बुजतात आणि कडांना रंगाची धार साचते. पिवळा निदान एक दिवस वाळू द्यावा. घाई केली तर टेपबरोबर निघून येतो.

वरच्या बाजूला डार्क अर्थ (गडद मातकट तपकिरी) आणि डार्क ग्रीन. युद्धाच्या सुरुवातीच्या काळातलं विमान करायचं असेल, तर खालच्या पंखाची वरची बाजू लाइट अर्थ आणि लाइट ग्रीनमध्ये रंगवलेली होती का, हे त्याच विमानाच्या फोटोत पाहावं. दुपंखी विमानांवर ही पद्धत होती. बरेच जण ती विसरतात आणि दोन्ही पंख एकाच छटेत रंगवतात.

वरचा पंख बसवण्याआधी दोन्ही पंखांचा रंग, चकचकीत वॉर्निश, डीकॅल (चिकटवायची चिन्हं) आणि शेवटचा मॅट थर, सगळं संपवून टाकावं. नंतर मधल्या फटीत ब्रश जात नाही. दोन पंखांमधल्या ताणलेल्या तारांची भोकंही 0.3 मिमीच्या ड्रिलने तेव्हाच पाडावीत. जोडाच्या जागेवरचा रंग खरवडून काढायला विसरू नये. प्लास्टिक सिमेंट, म्हणजे किटचे भाग जोडायचा गोंद, प्लास्टिक विरघळवून धरतं, रंगाला नाही.

पंख जोडायला प्लास्टिक सिमेंटच वापरावं, कारण ते सरळ करायला दोन-तीन मिनिटं देतं. पुठ्ठ्याचा साचा करून पुढून आणि वरून दोन्हीकडून बघावं, दांड्या समांतर आहेत याची खात्री करावी आणि रात्रभर हात लावू नये. सुपरग्लूने जोडलं तर तिरका पंख तिरकाच राहतो.

तारांसाठी इलास्टिक धागा घ्यावा. खरी तार 6 मिमीची धरली तरी 72 ने भागल्यावर 0.08 मिमी होते, म्हणून जाड धागा सगळं रूप बिघडवतो. एक टोक सुपरग्लूने धरवून धागा हलकासा ताणून दुसरं टोक चिकटवावं. जास्त ताणला तर दांड्या आत ओढल्या जातात. सुपरग्लूची वाफ पारदर्शक भागांवर पांढरा धूसर थर आणते, म्हणून विंडस्क्रीन तारांनंतर, पांढऱ्या पीव्हीए गोंदाने लावावेत.

दुपंखी विमानाचा हा पहिलाच प्रयत्न असेल आणि हात इतके बारीक चालत नसतील, तर याच कंपनीचं 1/48 टायगर मॉथ घ्यावं. पंख 186 मिमीचे होतात, तारा ओवणं बरंच सोपं जातं.