भाजलेल्या जवसाची पूड : सात महिने वापरल्यानंतर

मुदत संपायला चार महिने बाकी, पाकीट उघडून सोळा दिवस झालेले, आणि पूड खवट. तक्रारीला कंपनीचं उत्तर आलं : 'जवसाची चव मुळातच किंचित कडवट असते.' मुळीच नसते. ताजा भाजलेला जवस तिळाच्या जवळ जाणारा, खमंग लागतो. त्यामुळे हा अनुभव बऱ्याच अंशी खवटपणाबद्दलच आहे. बाकीच्या गोष्टी येतील, पण आधी हे.

जवसात काय काय असतं ते पाकिटाच्या मागे छापलेलं असतं आणि ते बहुतेक खरंही असतं. १०० ग्रॅममध्ये साधारण ४२ ग्रॅम तेल, २७ ग्रॅम तंतू, १८ ग्रॅम प्रथिनं. तेलातला निम्म्याहून जास्त भाग अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा, म्हणजे वनस्पतींतल्या ओमेगा-३चा. एक मोठा सपाट चमचा पूड ७ ग्रॅम भरते आणि त्यात हे आम्ल १.६ ग्रॅम असतं. प्रौढ पुरुषाची दिवसाची गरज १.६ ग्रॅम धरतात, स्त्रीची १.१. एका चमच्यात दिवसाचा हिशेब पुरा. (पोहे खायचा चमचा असेल तर सपाट दोन. ज्याच्या घरी जो चमचा असेल तो, म्हणून एकदा वजनकाट्यावर ठेवून बघाच.)

गोम अशी की ज्या आम्लासाठी आपण पैसे मोजतो, तेच सगळ्यात आधी बिघडतं. त्याच्या रेणूत तीन दुहेरी बंध असतात आणि हवेतला ऑक्सिजन तिथेच घुसतो. क्रिकेटच्या बॅटला अळशीचं तेल चोळलेलं ज्यांना आठवतं त्यांना हे लगेच कळेल. ते तेल वाळतं म्हणजे उडून जात नाही. ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, कातडीसारखा थर धरतं. तैलचित्रांचा रंगही असाच वाळतो. याच तेलात भिजलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर आतल्या उष्णतेने आपोआप पेट घेऊ शकतात. जवस आणि अळशी एकच. अख्ख्या दाण्यावर टणक साल असते, म्हणून दाणा कोरड्या जागी वर्षभर टिकतो. दळला की साल गेली, आणि तेच तेल चारी बाजूंनी हवेला उघडं पडलं.

त्यामुळे खवट पूड म्हणजे नुसती बेचव पूड नव्हे. वास येईपर्यंत ओमेगा-३चा काही भाग आधीच वाया गेलेला असतो. 'ओमेगा-३ने समृद्ध' ही ओळ पाकिटावर तशीच असते, आतला माल तसा राहिलेला नसतो.

कडूपणा दोन प्रकारचा असतो आणि तक्रार करण्याआधी तो ओळखता यायला हवा. करपल्याचा कडूपणा जिभेवर ठेवताच कळतो, पुडीचा रंग गडद तपकिरी असतो आणि वास धुरकट. तो भाजणाऱ्याचा दोष. खवटपणा उशिरा येतो, गिळल्यावर घशाच्या मागे खरवडल्यासारखं होतं, आणि वास रंगाच्या दुकानाचा किंवा शिळ्या मासळीचा. चिमूटभर पूड कोमट पाण्यात टाकून वाटीवर दोन मिनिटं झाकण ठेवा, मग उघडून हुंगा. कोरड्या पुडीत न जाणवणारा वासही असा पकडता येतो.

पाकिटाचा दोष कुठे आहे? तीन ठिकाणी. पुढे पारदर्शक खिडकी, म्हणजे दुकानातल्या ट्यूबलाइटचा उजेड थेट पुडीवर. ४०० ग्रॅमचं माप, जे रोज एक चमचा खाणाऱ्या दोन माणसांना चार आठवडे पुरतं आणि रोज उघडलं जातं. आणि ती झिपची पट्टी, जिच्या खाचेत पूड अडकली की पाकीट नीट बंद होतच नाही. मुदत मात्र न उघडलेल्या पाकिटाची छापलेली. उघडल्यावर किती दिवसांत संपवावं, हे कुठेही नाही. एवढी एक ओळ छापली असती तर निम्मा राग गेला असता.

तिसऱ्या महिन्यापासून अख्खा जवस आणून घरीच पूड, आणि इथे बारकावे आहेत.

सुटा जवस घेताना मूठभर तळहातावर चोळून बघा. दाणे चकचकीत, सुळकन निसटणारे हवेत. धूळ लागली किंवा दाणा मंद दिसला तर पुढच्या दुकानात. घरी आणल्यावर पाखडा, बारीक चाळणीने माती काढा, कोरड्या फडक्यात चोळा. धुऊ नका. सालीत चिकट द्रव्य असतं, पाणी लागताच दाणे एकमेकांना धरतात, नंतर वाळत नाहीत आणि भाजताना कढईला चिकटतात. तीळ धुणाऱ्या हातांना ही सवय मोडणं जड जातं.

भाजायला जाड बुडाची कढई, मंद आच, एका वेळी १०० ग्रॅम. चार मिनिटांत तडतड सुरू होते. ती जोरात येऊन ओसरू लागली की गॅस बंद करून लगेच ताटात पसरा. कढईतच ठेवला तर कढईच्या उष्णतेने पुढे भाजत राहतो आणि करपतो. मग पूर्ण गार होऊ द्या, अर्धा तास तरी. कोमट जवस मिक्सरला लावला की पुडीऐवजी तेलकट लगदा भांड्याच्या तळाला बसतो आणि सगळे दोष मिक्सरला दिले जातात. चटणीचं छोटं भांडं घ्या. तीन-चार सेकंद फिरवा, थांबा, चमच्याने हलवा, पुन्हा फिरवा. असं पाच-सहा वेळा. रवाळ पूड पुरे, मैदा करायची गरज नाही. पण एकही दाणा अख्खा राहता कामा नये, कारण अख्खा दाणा पोटातून जसाच्या तसा बाहेर पडतो. सॅलडवर, पावावर अख्खा जवस भुरभुरतात तो दिसायला छान, कामाला शून्य.

१०० ग्रॅम हे माप मुद्दाम. दोन माणसं, रोज ७ ग्रॅम, सात दिवस : ९८ ग्रॅम. आठवड्याला एकदा करायचं, संपवायचं. ठेवायला स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा, आकाराने लहान, म्हणजे वर हवेला जागा कमी. फ्रिजमध्ये, पण दारात नाही, आत. डबा ओट्यावर उघडा ठेवून गप्पा मारल्या तर गार पुडीवर दमट हवेचं पाणी जमतं आणि गोळे होतात. जुलै-ऑगस्टमध्ये हे हमखास.

पाचव्या महिन्यातली भर : वरचं एक मत बदलावं लागतंय. दळला की जवस टिकतच नाही असा वरचा सूर आहे, पण ते सरसकट खरं नाही. कॅनडातल्या संशोधकांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दळलेला जवस २३ अंश तापमानाला १२८ दिवस ठेवून तपासला होता, आणि लक्षात येण्याजोगा बिघाड आढळला नाही. म्हणजे कंपनीची लांब मुदत निव्वळ थाप नव्हे. पण तो जवस न भाजलेला होता, आणि २३ अंश म्हणजे आपल्याकडे एसी लावलेली खोली. एप्रिलमध्ये गॅसशेजारच्या फळीवर ३५ अंश सहज असतात. घरी दोन डबे शेजारी ठेवून बघितलं तर कच्ची पूड फ्रिजमध्ये महिनाभर ठीक राहिली, भाजलेली तिसऱ्या आठवड्यात उतरली. तेव्हा खमंगपणाचा सोस नसेल तर कच्चाच दळून कणकेत घाला. पोळी भाजताना वास आपोआप येतो, आणि एवढ्या आचेत ओमेगा-३ फारसं कमी होत नाही. दोष पुडीचा कमी, 'भाजलेली' या शब्दाचा जास्त. तो शब्द चवीसाठी विकला जातो आणि पाकिटाचं आयुष्य खातो. खिडकीची तक्रार मात्र कायम.

कणकेत घालताना : चार माणसांच्या कणकेला चार मोठे चमचे, म्हणजे २८ ग्रॅम. पाणी नेहमीपेक्षा दोन-तीन चमचे जास्त लागतं, आणि मळल्यावर वीस मिनिटं झाकून ठेवावंच लागतं, कारण जवस सावकाश पाणी ओढतो. लगेच लाटली तर पोळी मऊ वाटते, डब्यात दुपारपर्यंत कडक होते. पिठाच्या दहाव्या भागाच्या वर गेलात की कडा फाटतात. ज्वारी-नाचणीच्या भाकरीत उलट फायदा आहे : तो चिकट अंश पीठ धरून ठेवतो, थापताना भाकरी कमी चिरते.

चटणी हा विदर्भ-मराठवाड्यातला जुना मार्ग, आणि अजूनही सगळ्यात चांगला. १०० ग्रॅम भाजलेला जवस, दहा-बारा लसूण पाकळ्या, चमचाभर जिरं, दोन चमचे तिखट, मीठ. लसूण कच्चा घालू नका. त्याच्या ओलाव्याने चटणी आठवड्यात दमट होते. पाकळ्या ठेचून तव्यावर कोरड्या होईपर्यंत परता. सुकं खोबरं घालण्याचा मोह आवरा, ते स्वतःच खवट होणारं. आंबटपणा हवा तर वाढताना चटणीवर दही. वरून कच्चं तेल घ्यायचं तर शेंगदाण्याचं.

जवसाचं बाटलीतलं तेल हा वेगळा खर्च, आणि करू नये असा. फोडणीला ते चालत नाही, लवकर धुरावतं. त्यात तंतू नाहीत. कोलेस्टेरॉलवर जो माफक परिणाम दिसतो तो अख्ख्या दाण्याच्या पुडीचा. तेलाने तो दिसत नाही.

आता तब्येतीचं. पोट साफ होणं हा पहिल्या पंधरवड्यात जाणवणारा एकमेव फायदा, तोही पाणी प्यायलं तर. चमच्यामागे एक मोठा पेला पाणी. नाहीतर तोच तंतू आत घट्ट होऊन उलटं काम करतो. सुरुवात अर्ध्या चमच्याने, नाहीतर गॅसेस. रक्तदाबाबद्दल कॅनडातली २०१३ची चाचणी सगळे सांगतात. त्यात पायांच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या रुग्णांना सहा महिने रोज ३० ग्रॅम दळलेला जवस दिला होता, आणि जवस न दिलेल्या गटाच्या तुलनेत त्यांचा वरचा दाब सुमारे १० अंकांनी कमी भरला. आकडा मोठा आहे. पण ३० ग्रॅम म्हणजे चार मोठे चमचे, आणि ती माणसं आजारी होती. एका चमच्यावर रक्तदाबाची गोळी सोडायला निघालेल्यांनी हे दोनदा वाचावं. केस, त्वचा, वजन यांबद्दल पाकिटावर जे आहे ते सोडून द्या.

आणि जवसातलं ओमेगा-३ मासळीतल्या ओमेगा-३चं पूर्ण काम करत नाही. शरीर त्यातला थोडाच भाग मासळीतल्या प्रकारांत बदलतं, मेंदू-डोळ्यांना लागणाऱ्या डीएचएमध्ये तर फारच थोडा. शाकाहारी माणसाने जवस खावाच, पण 'मासे खाल्ल्यासारखंच' हे विक्रेत्याचं गणित.

गोळ्या आणि जवस एकत्र घेऊ नका. चिकट तंतू औषधाचं शोषण लांबवतो, दोन तासांचं अंतर ठेवा. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील, आतड्यात अडथळ्याचा त्रास झालेला असेल, किंवा गर्भारपण असेल (जवसातले लिग्नन नावाचे घटक इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकासारखे वागतात) तर आधी डॉक्टरांना विचारा. कच्च्या पुडीत सायनाइड सोडणारी द्रव्यं अल्प प्रमाणात असतात. मोठ्या माणसाला एक-दोन चमच्यांनी काही होत नाही, पण वाटीभर कच्ची पूड स्मूदीत घालण्याचा उत्साह नको. मुलांना भाजलेलीच द्या.

चिया का नाही, असं विचारणार असाल तर एक मान्य : चिया दळावा लागत नाही आणि तो सहज खवट होत नाही. कॅल्शियमही जवसाच्या दुपटीहून जास्त, १०० ग्रॅमला ६३१ मिलिग्रॅम. पण ओमेगा-३ जवसात जास्त, आणि सुट्या जवसाच्या किलोच्या पैशात चिया बराच कमी येतो. कॅल्शियमच हवं असेल तर तीळ दोघांच्याही पुढे आहेत. कारळ्याची चटणी चवीला जवसाच्या वर, पण तिच्या तेलात मुख्यतः ओमेगा-६ असतं, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी चालत नाही.

तयार पुडीला पाचपैकी दोन. एक गुण चवीला, पाकीट ताजं असतानाच्या. एक आळस वाचवल्याबद्दल. घ्यायचीच असेल तर १०० ग्रॅमचं, खिडकी नसलेलं पाकीट घ्या, मुदत नव्हे तर पॅकिंगची तारीख वाचा आणि दोन महिन्यांपेक्षा जुनं असेल तर परत ठेवा. घरी आणल्यावर पाकिटातून काढून स्टीलच्या डब्यात. आणि खवट निघालीच तर लसूण-तिखट घालून चटणीत खपवू नका, कुंडीत टाका; पातळ थर द्या, जाड दिलात तर वर बुरशी धरते.