वळचणीची तार आणि खिडकीतला लूप : गणपती ते मृग, नऊ महिन्यांचा अनुभव

बेळगावच्या शहापुरात दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात राहून शॉर्टवेव्ह, म्हणजे रेडिओची लघुलहरी, ऐकू येते का, असे मला तिघाचौघांनी विचारले. येते, आणि चांगली येते. गेल्या गणपतीत मी दोन एरियल लावली. एक चिनी बनावटीचा सक्रिय लूप, म्हणजे अॅम्प्लिफायर असलेले गोल कड्याचे एरियल, दुसरी घरी केलेली तारेची. आता मृग लागला आहे. परतीचा पाऊस, थंडी, वळीव, सगळे दोन्हींवरून जाऊन झाले, म्हणून लिहितो.

आधी माझी अडचण सांगतो. खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावी घरापासून आंब्यापर्यंत २५ मीटर तार सहज ताणता यायची. वडिलांच्या मर्फी रेडिओला तर तेवढीही लागायची नाही. माळवदाखाली तांब्याच्या जाळीची पट्टी बांधलेली असायची, चार बोटे रुंद, तिच्यावर ते रेडिओ सिलोन ऐकायचे. केसकर नभोवाणी मंत्री असताना आकाशवाणीवर सिनेमाची गाणी मिळेनाशी झाली, आणि १९५२ च्या डिसेंबरात सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली. त्या काळापासून आमच्या घरात शॉर्टवेव्हचा काटा फिरत आलेला आहे. पुढे वडील रात्री बीबीसी हिंदी ऐकत. ३१ जानेवारी २०२० ला तिचे शॉर्टवेव्हवरचे प्रसारण थांबले, तो दिवस घरात सुतकासारखा गेला.

उद्यमबागेत कामाला लागल्यावर शहापुरात भाड्याने राहायला आलो. जुना कौलारू वाडा, मागे एवढेसे अंगण, पुढे बोळ. रेडिओ तोच, हातात मावणारा, एसएसबी (हौशी रेडिओवाल्यांचे बोलणेही पकडायची सोय) असलेला. गावी त्याची नुसती दांडी बाहेर काढली तरी ३१ मीटरच्या लहरींच्या पट्टीवर स्टेशनांची रांग लागायची. इथे त्याच दांडीवर नुसती खरखर. घरमालकीण काकूंना विचारले, वर एक काठी उभी करू का? त्या म्हणाल्या, "काय वो दादा, काय बांधालायसा वर? माझ्या कौलावर खांब नको बघा." त्यांचे बरोबरच होते. कौल एक हलले की पावसाळ्यात खाली बादली ठेवावी लागते. म्हणजे एरियल दिसायला नको, कौलावर भार नको, आणि बोळातल्या लोकांनी "हे वायरलेस कसले?" म्हणून विचारायलाही नको. प्रसारण ऐकायला परवाना लागत नाही, परवाना लागतो तो बोलायला, हॅमची, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांची, परीक्षा देऊन. पण हे प्रत्येकाला दारात उभे करून समजावत बसणे होत नाही.

पहिल्यांदा लूप मागवला. साठेक सेंटिमीटर व्यासाचे तारेचे कडे, त्याच्या बुडाशी आगपेटीएवढा अॅम्प्लिफायर, १० मीटर केबल आणि रेडिओजवळ ठेवायची एक डबी. डबीला यूएसबीतून ५ व्होल्ट द्यायचे. कडे मी वीजकामाच्या पांढऱ्या पीव्हीसी पाइपात ओवले, पाइप वाकवून गोल केला आणि मागच्या खिडकीबाहेर कपडे वाळत घालायच्या काठीला टांगला. ऐन गणपतीत लावल्यामुळे कुणी काही विचारले नाही. काकूंना वाटले, दिवाळीच्या आकाशकंदिलाचा सांगाडा आत्ताच करून ठेवला आहे.

पहिले दोन आठवडे मी फार निराश झालो, हे लिहायलाच हवे. आवाज वाढला, पण खरखरही तेवढीच वाढली. बोळात तेव्हा मंडळाच्या एलईडी माळा होत्या, त्यामुळे दोष त्यांना दिला. विसर्जन झाले, माळा उतरल्या, तरी फरक जेमतेम.

उलगडा झाला ऑक्टोबरात एका संध्याकाळी. लाईट गेली. सगळी गल्ली काळोखात, आणि रेडिओ बॅटरीवर चालू होता. एका क्षणात ३१ मीटरची पट्टी अशी मोकळी झाली की मी उठून उभा राहिलो. ज्या ठिकाणी रोज गुरगुर ऐकत होतो तिथे रोमानियाचे इंग्रजी, त्याच्या शेजारी चिनी, पुढे कुठली तरी अरबी सभा. पंधरा मिनिटांनी लाईट आली आणि सगळे परत चिखलात गेले. एरियल चांगलेच होते. ते जे ऐकत होते त्यातले निम्मे माझ्याच घरातून येत होते.

दुसऱ्या दिवशी मी घराचा मेन स्विच पाडून बसलो. खरखर निम्म्याने खाली. मग एकेक वस्तू चालू करत गेलो. स्वयंपाकघरातला एक स्वस्त एलईडी दिवा, मोबाइलचा चार्जर, टीव्हीच्या डब्याचा अडॅप्टर, हे तीन चोर सापडले. दिवा बदलला, अडॅप्टर ऐकायच्या वेळी काढून ठेवतो. आणि लूपला वीज तरी मी कशातून देत होतो? त्याच चार्जरमधून. पॉवर बँक लावून पाहिली, तर लूप इतका कमी करंट घेतो की ती थोड्या वेळाने आपोआप बंद पडते, शिवाय तिच्या पोटातही व्होल्टेज चढवणारे सर्किट असते, ते बारीक शीळ घालते. शेवटी चार रिचार्जेबल सेल एका डबीत घातले. ४.८ व्होल्टवर लूप बिनतक्रार चालतो, सेल आठवडाभर पुरतात.

दुसरी गोष्ट केबलची. केबलच्या बाहेरच्या जाळीवरून घरातली घाण वर चढून लूपपर्यंत जाते, म्हणजे केबल स्वतःच एरियल होऊन बसते. फेराइट या चुंबकीय पदार्थाच्या एका मोठ्या कड्यातून मी केबलचे ८ वेढे काढले, कडे खिडकीच्या आतल्या बाजूला ठेवले. खालच्या पट्ट्यांत, ४९ आणि ६० मीटरला, त्याचा फायदा लगेच कळला. लूप विकत घेणाऱ्याने हे कडे त्याच्याबरोबरच घ्यावे. मला ते तीन महिन्यांनी सुचले.

लूपचा खरा गुण मात्र फिरवण्यात आहे. उभा लूप त्याच्या कडेच्या दोन्ही दिशांना नीट ऐकतो आणि तोंडासमोरच्या दिशेला बहिरा असतो. शेजारच्या घरातला इन्व्हर्टर माझ्या उजव्या हाताला येतो. लूपचे तोंड त्याच्याकडे केले की त्याची गुणगुण जवळजवळ बुडते. स्टेशन मात्र बुडत नाही, कारण ते आयनांबरावरून, म्हणजे रेडिओलहरी परतवणाऱ्या हवेच्या वरच्या थरावरून, उतरताना वरच्या कोनातून, थोडे इकडून थोडे तिकडून येते. काठीला मी खालून एक दोरी बांधली आहे. रेडिओ कानाशी धरून दोरी बोटभर ओढली की खरखर मागे सरते आणि बोलणाऱ्याचा आवाज पुढे येतो. हे पहिल्यांदा जमले तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते, आणि मी अर्धा तास नुसते तेच करत होतो.

लूपचे दोष दोन. आपल्या भागात धारवाड आकाशवाणी ७६५ किलोहर्ट्झवर एवढी जोरात येते की तिने हा छोटा अॅम्प्लिफायर गुदमरतो. ७६५ ची दुप्पट १५३०, तिथेही मला तीच कन्नड बातमी ऐकू आली, तेव्हा संशय पक्का झाला. मध्यम लहरी अडवणारा एक फिल्टर मध्ये बसवला, मगच संध्याकाळच्या खालच्या पट्ट्या स्वच्छ झाल्या. दुसरा दोष पाण्याचा. परतीच्या पावसात लूप एकदम मुका झाला. कड्याच्या बुडाची डबी उघडली तर कनेक्टरवर हिरवा गंज. स्पिरिटने पुसला, वरच्या सगळ्या सांध्यांना सिलिकॉन भरले आणि बुडाला पाणी निथळायला एक बारीक भोक ठेवले. त्यानंतर बंद पडलेला नाही. विकणाऱ्याने 'बाहेर लावता येतो' असे लिहिले होते, पण आपल्याकडच्या पावसाचा विचार त्यात नव्हता.

आता तार. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून २६ गेजची ५० ग्रॅम वाइंडिंग तार आणली. तपकिरी-तांबूस रंगाची, अर्ध्या मिलिमीटरहून बारीक. कौलारू घराच्या वळचणीला, मंगळुरी कौलांच्या कडेखालून, पुढून ९ आणि बाजूने ५ अशी १४ मीटर तार मी प्लास्टिकच्या खिट्ट्यांवरून नेली. खाली उभे राहून बोटाने दाखवली तरी ती दिसत नाही. कौलांच्याच रंगात मिसळून जाते. ३१ मीटरच्या पट्टीची अर्धी लहर साधारण १५ मीटर, म्हणून लांबी बरी जुळली. पण अशा कुठेही वळवलेल्या तारेला लांबीचा फार हट्ट धरू नये. तारेच्या बुडाशी तार आणि रेडिओचा मेळ घालणारा ९ः१ चा ट्रान्सफॉर्मर हवा. फेराइटच्या कड्यावर तीन तारा एकत्र घेऊन ९ वेढे दिले, एका रविवारचे काम.

अर्थिंगने मात्र मला शिकवले. आधी घराच्या वायरिंगची अर्थ जोडली, तर तीच गुरगुर परत. मग काकूंच्या परवानगीने अंगणातल्या तुळशीकट्ट्याच्या बाजूला चार फुटी तांब्याचा गज ठोकला. तुळशीला रोज पाणी पडते, त्यामुळे तिथली माती उन्हाळ्यातही ओली असते. त्या दिवसापासून तार बोलायला लागली.

दोन्हींत काय निवडाल, असे विचारले तर माझे उत्तर वेळेवर आहे. दिवसा १९ आणि २५ मीटरला तार सरळ पुढे. सकाळी ७ मेगाहर्ट्झला हॅम मंडळींच्या गप्पा चालतात, त्याही तारेवर भरीव येतात. रात्र पडली, घरोघर दिवे आणि टीव्ही लागले की ४९ आणि ४१ मीटरला लूप जिंकतो. मी रोज परीक्षा घेतो ती १० मेगाहर्ट्झवरच्या चिनी वेळकेंद्राची, बीपीएमची. सेकंदासेकंदाचे त्याचे ठोके मोजता आले तर एरियल ठीक. विमानांसाठी ६६७६ किलोहर्ट्झवर वेगवेगळे विमानतळ आळीपाळीने हवामान वाचतात, तेही चांगले माप आहे. सिंगापूर वाचणाऱ्याचे आकडे दोरी ओढून-ओढून मी वहीत उतरवून घेतले आहेत.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना एक सांगतो. लोखंडी ग्रिलच्या आत लूप टांगू नका. हातभर बाहेर काढला तरी जमीन-अस्मानाचा फरक पडतो. आणि कौलारू घर असेल तर पैसे खर्चण्याआधी वळचण बघा. माझी तार, गज, कडे धरून लूपच्या चौथाई किमतीत झाली.

वळवात मात्र धाक ठेवावा. एप्रिल-मे मध्ये पश्चिमेला ढग काळे झाले की मी तार रेडिओपासून सोडतो आणि तिचे टोक खिडकीबाहेर अर्थिंगच्या गजाला अडकवतो. बारीक तार असो की जाड, वीज भेद करत नाही. एका वळवात माडाची झावळी पडून तार तुटली, ती दुसऱ्या दिवशी सांधली, जोडावर कल्हई नीट बसवली.

मे अखेरीस काकूंनी शाकारणी काढली. कौले उतरवायला आलेल्या माणसाने वरूनच हाक मारली, "ही तार कुनाची वो? तोडू काय?" मी धावत बाहेर आलो, तोवर काकूच ओट्यावरून म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे रे, त्येंच्या रेडिओची हाय ती. हळू उचल." त्याने ती गुंडाळून वाशावर ठेवली आणि नवी कौले बसल्यावर त्याच खिट्ट्यांत परत अडकवून दिली, आधी होती त्यापेक्षा ताठ.