पॅरडाइजची घरबांधणी: अनेक संस्थांच्या एकत्रित सेवेचे परीक्षण

उत्तर कॅलिफोर्नियातील पॅरडाइज हे गाव ८ नोव्हेंबर २०१८ रोजी 'कॅम्प फायर' वणव्यात काही तासांत बेचिराख झाले. ८५ माणसे दगावली आणि १८ हजारांहून अधिक इमारती जळाल्या. विम्याच्या पैशात ज्यांचे घर पुन्हा उभे राहण्यासारखे नव्हते, अशा कुटुंबांसाठी स्वयंसेवी संस्थांनी मिळून जी व्यवस्था बसवली, ती एका वयस्कर परिचित बाईंच्या कागदपत्रांना हातभार लावताना मला जवळून पाहता आली.

प्रत्येक कुटुंबामागे एक केस मॅनेजर असतो. विमा कंपनीचे पत्र, सरकारी मदतीचा तपशील, जागेची कागदपत्रे आणि बांधकामाचा अंदाजखर्च एकत्र करून नेमकी किती रक्कम कमी पडते ते तो काढतो, आणि मग ते प्रकरण संस्थांच्या संयुक्त बैठकीपुढे ठेवले जाते. तिथे अर्जदाराचे नाव घेतले जात नाही, फक्त क्रमांक सांगितला जातो; एक संस्था साहित्याचे पैसे उचलते, दुसरी परवान्याचे, आणि मेनोनाइट डिझास्टर सर्व्हिससारख्या संस्थेचे स्वयंसेवक, ज्यांत निवृत्त सुतारही असतात, मजुरी न घेता घर बांधतात. अर्जदाराला दहा दारे ठोठवावी लागत नाहीत, हे या सेवेचे खरे बळ.

मला सर्वांत पटले ते मात्र 'रीबिल्ड पॅरडाइज फाउंडेशन'चे काम, कारण त्यात फोटो काढण्यासारखे काहीच नाही. पॅरडाइजमध्ये बहुतेक घरांची भिस्त स्वतःच्या सेप्टिक टँकवर होती. आगीने, आणि काही ठिकाणी राडारोडा उचलणाऱ्या जड वाहनांनीही, या टाक्यांचे नुकसान झाले. टाकी तपासून दुरुस्त झाल्याशिवाय घराचे गाडे पुढे सरकत नाही आणि या खर्चाला देणगीदार सहसा मिळत नाहीत. फाउंडेशनने नेमके त्यासाठीच अनुदान दिले, शिवाय घरांचे तयार नकाशेही उपलब्ध करून दिले.

तक्रारीची जागा वेळेची आहे. आमच्या बाईंची फाइल सांभाळणारी व्यक्ती मध्येच बदलली आणि तेच कागद पुन्हा मागवले गेले, तेव्हा प्रत्येक कागदाची प्रत स्वतःजवळ ठेवावी. उशिराचा सगळा दोष संस्थांवर टाकता येणार नाही, हेही खरे: ज्या पीजी अँड ई या वीज कंपनीने २०२० मध्ये या वणव्यातील ८४ जणांच्या मृत्यूप्रकरणी सदोष मनुष्यवधाचा गुन्हा कबूल केला, तिच्याकडून ठरलेल्या १३.५ अब्ज डॉलरच्या भरपाईचा निम्मा भाग शेअर्सच्या रूपात होता. ते पैसे हप्त्याहप्त्याने हाती येत असताना पदरात किती पडणार, हेच कुटुंबांना कळत नव्हते, मग तूट तरी कशी काढणार?

भाडेकरूंच्या बाबतीत मात्र मी या सेवेला कमी गुण देईन. स्वतःच्या नावावर जमीन असलेल्यासाठी ही यंत्रणा उत्तम चालते. भाड्याने राहणाऱ्यांकडे आणि मोबाइल होम पार्कमध्ये, म्हणजे कारखान्यात तयार करून आणलेली घरे जिथे ठेवतात अशा वसाहतीत, जागेचे भाडे भरणाऱ्यांकडे बांधायला जागाच उरली नाही. हॅबिटॅट फॉर ह्यूमॅनिटीची स्थानिक शाखा कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना, त्यांनी बांधकामावर स्वतः राबण्याच्या अटीवर, परवडणाऱ्या कर्जात घर देते. भाडेकरूला तो रस्ता खुला आहे, पण अशी घरे गरजेच्या मानाने फारच थोडी आहेत.