इजिप्त आणि नाईल क्रूझ, ग्रुप टूरने: इतक्या महिन्यांनंतर काय पटतं, काय खुपतं

परतल्या परतल्या लिहिलेले टूरचे रिव्ह्यू मला फारसे पटत नाहीत. विमानतळावर निरोप घेताना सगळंच ‘एक नंबर’ झालेलं असतं, आणि ज्यांचं पोट बिघडलेलं असतं त्यांना सगळंच भिकार. आम्ही नवरा-बायको जानेवारीअखेरीस इजिप्तला जाऊन आलो. आता पावसाळा लागलाय, फोटो निवडून झालेत, टिप्सवरून झालेली कुरबुरसुद्धा विरलीय. म्हणून आता लिहिते. कंपनीचं नाव देत नाही. मराठी मंडळींना नेणाऱ्या बहुतेकांचा कार्यक्रम थोड्याफार फरकाने हाच असतो: कैरो, तिथून विमानाने आस्वान, बोटीने लक्सर आणि परत कैरो.

माझं मत आधीच सांगून टाकते. आस्वान ते लक्सर हा पट्टा ग्रुपने खुशाल करावा. कैरो मात्र ग्रुपच्या घड्याळावर बघायचं शहर नाही.

गिझाचे पिरॅमिड फोटोत इतके पाहिलेले असतात की समोर आल्यावर क्षणभर काहीच वाटत नाही. वाटायला लागतं ते पायथ्याशी गेल्यावर, खालच्या थरातला एकेक दगड छातीला लागतो तेव्हा. त्यातला सगळ्यात मोठा, खुफू राजाचा पिरॅमिड मुळात १४६ मीटरचा होता, आता साधारण १३८ उरलाय, आणि त्यात असे २३ लाखांच्या आसपास दगड आहेत. आत जायचं तिकीट वेगळं पडतं. कमरेत वाकून चढत जायचं, वर ग्रॅनाइटच्या खोलीत एक रिकामी, झाकण नसलेली दगडी पेटी. चित्रं नाहीत, लेख नाहीत. गुडघे दुखणाऱ्यांनी आणि बंद जागेत जीव घाबरणाऱ्यांनी ते पैसे वाचवावेत. मी गेले, मला आवडलं. नवरा बाहेर बसून उंटवाल्यांना ‘नको’ म्हणत राहिला, त्यालाही त्याचं काही वाईट वाटलेलं नाही.

खरा राग आहे तो पुढच्या भागाचा. पिरॅमिडनंतर बस थांबली पपायरसच्या दुकानात. लव्हाळ्याचा देठ सोलून, पट्ट्या भिजवून, दाबून कागद कसा होतो ते दहा मिनिटं दाखवतात आणि ते खरंच छान आहे. पुढचा तासभर मात्र आपलं नाव चित्रलिपीत लिहून घेण्याच्या आग्रहात जातो. मग अत्तराचं दुकान: चहा, मनगटावर कमळाचं तेल, डॉलरमधले भाव. (लक्सरला याच चालीवर अलाबास्टरच्या दगडी वस्तूंचा कारखाना होता.) एवढं उरकून आम्ही नव्या ग्रँड इजिप्शियन म्युझियममध्ये पोहोचलो आणि टूर लीडरने सांगितलं, “मंडळी, दीड तासाने इथेच भेटायचं, कॉफी शॉपजवळ.”

दीड तास! नोव्हेंबर २०२५ मध्ये हे म्युझियम पूर्ण उघडलं आणि तूतनखामेन राजाच्या थडग्यातल्या पाच हजारांहून जास्त वस्तू पहिल्यांदाच एका छताखाली आल्या. दारातच रामसेस दुसरा या राजाचा अकरा मीटरचा पुतळा. पुढे पुतळ्यांनी भरलेला जिना, आणि जिन्याच्या माथ्यावर काचेतून पिरॅमिड दिसतात. सोन्याचा मुखवटा, एकात एक बसणाऱ्या शवपेट्या, रथ, चपला, काठ्या. त्या काठ्यांपाशीच मी रेंगाळले, कारण पोरवयात गेलेल्या राजाला इतक्या काठ्या कशाला हे कुणीतरी सांगावं असं वाटत होतं. सांगायला वेळ नव्हता. टूरच्या पैशांपैकी कुठले वाया गेले असं कुणी विचारलं तर मी आजही त्या अत्तराच्या दुकानातल्या सोफ्याकडे बोट दाखवेन.

ग्रुपमधल्या दोन मुलांना ‘ममी’ बघायची होती, ती राहिलीच. राजांच्या ममी या म्युझियममध्ये नाहीत. त्या एप्रिल २०२१ मध्ये मिरवणुकीने जुन्या कैरोतल्या फुस्तातच्या राष्ट्रीय संस्कृती संग्रहालयात नेल्या, आणि आमच्या कार्यक्रमात ते नव्हतं. तूतनखामेनची ममी तर अजून लक्सरला, त्याच्या थडग्यातच आहे. बरोबर मुलं असतील तर बुकिंगच्या वेळीच हे विचारून घ्या.

आता क्रूझ. नावावरून वाटतं तसं हे रात्रंदिवस पाण्यावर तरंगणं नाही. आस्वान ते लक्सर अंतर दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर. बोट प्रत्यक्ष चालते ती काही तासच, बाकी वेळ धक्क्याला लागलेली. धक्क्यावर बोटी एकीला एक खेटून उभ्या करतात, त्यामुळे किनाऱ्यावर जायला दुसऱ्यांच्या दोन-तीन बोटींच्या लॉबीतून जावं लागतं आणि केबिनचा पडदा उघडला की समोर नाईलऐवजी पलीकडच्या केबिनमधल्या गृहस्थांचा बनियन. सगळ्यात खालच्या डेकवर इंजिनाची घरघरही फार. आमच्या ग्रुपमधले एक काका-काकू तिथे होते, त्यांची झोप झाली नाही. वरचा डेक आणि मागच्या टोकापासून लांबची केबिन मागावी, मिळते.

पण बोट सुटली की हे सगळं माफ. दुपारी सन डेकवर खुर्ची टाकून बसायचं. काठाला खजुरी, ऊस, गाढवावर हिरवा चारा घेऊन निघालेला माणूस, पाण्यात उतरलेल्या म्हशी, आणि त्या हिरव्या पट्टीच्या लगेच मागे पिवळा उघडा डोंगर. ही पट्टी काही ठिकाणी इतकी अरुंद आहे की सगळा देश एका नदीच्या काठावर का जगतो हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. इतक्या महिन्यांनी मी मोबाइलवर पुन्हा पुन्हा बघते ते याच दुपारचे व्हिडिओ, देवळांचे नाहीत.

एस्नाच्या जलद्वाराचा किस्सा तर घरी अजून चालतो. बांधाच्या दोन बाजूंना पाण्याची पातळी वेगळी असते म्हणून बोटी तिथे रांगेत थांबतात आणि छोट्या होड्यांमधून विक्रेते येतात. ‘नमस्ते! अमिताभ बच्चन!’ अशी आरोळी, आणि खालून तीन मजले वर प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला टेबलक्लॉथ नेमका सन डेकवर येऊन पडतो. भाव ओरडून करायचा, पटला तर पैसे त्याच पिशवीत घालून खाली टाकायचे, नाही पटला तर माल परत. आमच्या नाशिकच्या काकूंनी कठड्यावरून वाकून चक्क मराठीत घासाघीस केली: “अरे दादा, पाचशे नाही, दोनशे! दोनशे!” आणि बोटं दाखवली. तो अरबीत, ह्या मराठीत. तीनशे पौंडांवर सौदा ठरला. केबिनमध्ये उघडून बघितलं तर टेबलक्लॉथला इस्त्रीचा डाग. काकूंनी पिशवी तशीच खाली भिरकावली, वरून दुसरी आली, आणि ती मात्र चांगली निघाली.

देवळांबद्दल थोडं स्पष्ट बोलते. फिले, कोम ओम्बो, एडफू, कर्नाक, लक्सर अशी लागोपाठ बघितली की तिसऱ्या देवळात डोळे थकतात. इथे सगळं स्थानिक गाइडवर अवलंबून. आमचा गाइड इजिप्तच्या इतिहासातच शिकलेला, इंग्रजी साधं, आवाज शांत. तो प्रत्येक देवळात एकच गोष्ट नीट दाखवायचा. एडफूला भिंतीवरची राजनामाची लंबगोल चौकट दाखवली, ती रिकामी! टॉलेमी या ग्रीक राजघराण्यात गादीवर कोण राहील याचा भरवसा नव्हता, म्हणून नाव कोरायची जागा सोडलेली, असं त्याचं म्हणणं. फिलेला देवतांचे छिन्नीने फोडलेले चेहरे आणि शेजारी कोरलेले ख्रिस्ती क्रूस दाखवले. चित्रलिपीतला तारीख असलेला शेवटचा लेख तिथलाच, इ.स. ३९४ चा. कोम ओम्बोला मगरींच्या ममी. कर्नाकच्या १३४ खांबांत त्याने काहीच सांगितलं नाही, “वर बघत चाला” एवढंच. लक्सरजवळच्या राजांच्या दरीत साध्या तिकिटावर तीन थडगी बघता येतात. तूतनखामेन आणि सेती पहिला यांची तिकिटं वेगळी. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ हॉवर्ड कार्टरला १९२२ मध्ये सापडलेलं तूतनखामेनचं ते प्रसिद्ध थडगं फारच लहान आहे, नाव मोठं म्हणून रांग मोठी.

एडफूच्या घोडागाड्यांबद्दल मात्र एकही चांगला शब्द लिहिणार नाही. हाडं दिसणारे घोडे आणि उतरताना ठरल्यापेक्षा जास्त पैशांसाठी हुज्जत. मोटार मागा, ग्रुपमधल्या चारपाच जणांनी आग्रह धरला तर मिळते.

अबू सिंबेल बऱ्याच टूरमध्ये ‘ऑप्शनल’ असतं. सोडू नका. आस्वानहून २८० किलोमीटर, पहाटे चारला निघायचं, वाळवंटातून तीनेक तासांचा रस्ता. डोंगरात कोरलेले रामसेसचे चार वीस-वीस मीटरचे बैठे पुतळे आस्वानच्या नव्या धरणात बुडणार होते, म्हणून १९६४ ते १९६८ मध्ये अख्खं देऊळ कापून ६५ मीटर वर नेऊन जोडलं. एका पुतळ्याचं धड प्राचीन काळीच भूकंपात कोसळलेलं होतं, ते तुकडेही पुन्हा जसे होते तसेच पायाशी मांडलेत. उजनीत पाणी उतरलं की वर येणारं पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ आम्ही पाहिलंय, त्यामुळे नवरा तिथे बराच वेळ गप्प उभा होता.

त्याच धरणासाठी इजिप्तमधल्या ५० हजारांच्या आसपास नुबियन लोकांना गावं सोडून कोम ओम्बोच्या बाजूला जावं लागलं. हे टूरमध्ये कुणी सांगत नाही. धरणावर जेमतेम पाव तास फोटोसाठी आणि ‘नुबियन व्हिलेज’मध्ये रंगीत घरं, मेंदी, हौदातली मगर, गुलाबी करकदेचं (एका जातीच्या जास्वंदाचं) सरबत. मी चहा देणाऱ्या बाईंना गाइडकरवी विचारलं, तर त्यांनी हाताने दक्षिणेकडे, पाण्याच्या दिशेने दाखवलं. कोयना धरणग्रस्तांच्या घरात वाढलेल्या आमच्यातल्या एका काकांनी मग गाइडला जमिनीच्या मोबदल्याबद्दल खोदून खोदून विचारलं. टूर लीडर घड्याळ बघत होता.

जेवणाची चिंता शाकाहाऱ्यांनी करू नये. बोटीवर बुफे, फूल नावाचं घेवड्यासारख्या दाण्यांचं कालवण, तामेया (त्याच दाण्यांचे वडे), ताहिनी (तिळाची चटणी), गरम रोटी. कैरोत मात्र रोज संध्याकाळी भारतीय हॉटेलात पनीर आणि पिवळी डाळ. आम्ही एका रात्री गटातून सुटून कोशारी खाल्ली: भात, मसूर, मॅकरोनी, छोले, वर टोमॅटोचा आंबट रस्सा आणि कुरकुरीत कांदा. उपासाच्या दुसऱ्या दिवशी खावी अशी गोष्ट.

बुकिंगआधी विचारा: अबू सिंबेल धरून आहे का, म्युझियमला किती तास, दुकानं किती, केबिन कुठल्या डेकवर. टिप्सचे डॉलर सुरुवातीलाच गोळा करतात, ते टूरच्या किमतीत मिळवूनच हिशेब करा. सुट्टे पौंड जवळ ठेवा (डॉलरला पन्नासच्या आसपास मिळत होते), स्वच्छतागृहापासून सामान उचलणाऱ्यापर्यंत लागतात. आणि जानेवारीत जाणार असाल तर स्वेटर हँडबॅगेत ठेवा. अबू सिंबेलच्या बसमध्ये पहाटे अर्धा ग्रुप बोटीवरचे टॉवेल पांघरून बसला होता.